कॉलेजात लेखन मदत कक्ष सुरू करायचाय, पण पोरगं समोर येऊन बसल्यावर नेमकं करायचं काय?

बालाघाटची_लेक

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते, तासिका तत्त्वावर, सहावं वर्ष चालू आहे. प्रश्न जरा लांबलाय पण पूर्ण वाचा ही विनंती.

नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. सगळ्यांनाच भाषेचा दोन क्रेडिटचा पेपर आलाय, त्यावर प्रत्येक विषयाची असाइनमेंट, वर फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे मुलांना लिहावं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लागतं आणि लिहायचं कसं हे शिकवणारा तास मात्र कुठंच नाही. मागच्या सेमिस्टरला माझ्याकडं ११२ असाइनमेंट जमा झाल्या. त्यातल्या चाळीसेक तर एकसारख्याच, कारण कॉलेजसमोरच्या झेरॉक्स सेंटरवर तयार मिळतात, नाव बदलायचं, कव्हर पेज लावायचं, स्पायरल मारायची. बऱ्याचशा मोबाइलवर एआयकडून लिहून घेतलेल्या, "बहुआयामी दृष्टिकोन", "सर्वसमावेशक विकास" असले शब्द, आणि ते शब्द ज्या पोराच्या नावावर आहेत त्याला अर्थ विचारला की मान खाली.

आणि मग सात-आठ वह्या अशा होत्या की ज्या स्वतःच्या हातानं लिहिलेल्या, खाडाखोड केलेल्या. त्यातल्या एका मुलीनं लिहिलं होतं की आईवडील ऊसतोडीला गेले की दिवाळीनंतर पाच महिने ती दोन लहान भावंडांना घेऊन गावात राहते, आठवड्याचं पीठ डब्यात कुठपर्यंत आलं की दळण टाकायचं याची तिनं डब्याला खिळ्यानं खूण केलीय. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. पण त्या दोन पानांत न-ण, ऱ्हस्व-दीर्घ, अर्धवट वाक्यं, सगळ्या मिळून पन्नासेक चुका असतील, मी लाल पेनानं सगळ्यांना गोल केले आणि १० पैकी ४ दिले. झेरॉक्सवाल्यांना ७ दिले होते कारण ती "शुद्ध" होती. घरी आल्यावर मला रात्रभर ते चैन पडू देईना.

प्राचार्यांकडं गेले, सगळं सांगितलं. ते भले माणूस आहेत, ग्रंथालयाशेजारची जुनी नकाशांची खोली दिली, एक टेबल, चार खुर्च्या, बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन तास. म्हणाले सुरू करा, नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला पण दाखवता येईल, स्लो लर्नरच्या रजिस्टरला नोंदी ठेवा.

आता माझी अडचण. मला हे कुणी शिकवलेलं नाही. पोरगं असाइनमेंट घेऊन आलं तर मी ती दुरुस्त करून द्यायची का? मग माझ्यात आणि झेरॉक्स सेंटरमध्ये फरक काय राहिला? आणि दुरुस्त नाही करायची तर करायचं काय? स्टाफरूममधले काहीजण आत्ताच म्हणायलेत की आमच्या विषयाचे प्रोजेक्ट पण तपासून देत जा, म्हणजे आम्हाला वाचायला सोपं. शिवाय ज्या खोलीवर "कच्च्या मुलांसाठी" असा शिक्का बसेल तिथं पाय कोण ठेवणार? आणि शेवटचं, ११२ वह्या तपासणाऱ्या आम्हा मास्तर-मास्तरणींना कुणाची मदत आहे का? कुणी असं काही चालवलंय किंवा पाहिलंय का, कृपया अनुभव लिहा.

हरंगुळवाला

ताई, मी लातूरचा, अमेरिकेत एका सरकारी विद्यापीठात एम.एस. करताना दोन वर्षं रायटिंग सेंटरमध्ये, म्हणजे तिकडच्या लेखन मदत कक्षात, ट्यूटर होतो, तासावर पैसे मिळायचे. मी इंजिनिअरिंगवाला, मला वाटलं ग्रामर तपासायचं काम असेल. पहिल्याच आठवड्याच्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं की पेन तुमच्या हातात घ्यायचं नाही. अक्षरशः. कागद दोघांच्या मध्ये, पेन विद्यार्थ्याच्या हातात.

तिकडं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला कंपोझिशन म्हणजे लेखनाचा कोर्स जवळपास सगळ्यांनाच असतो, इंजिनिअरिंगच्या पोरांना सुद्धा, त्यामुळं तो शिकवणाऱ्या मास्तरांची फौज आणि त्यांच्या मदतीला सेंटर अशी रचना आहे. पर्ड्यू विद्यापीठाची रायटिंग लॅब १९७६ सालची, तिची ऑनलाइन आवृत्ती १९९४ पासून आहे, आउल म्हणतात तिला, फुकट आहे, इंग्रजीच्या मास्तरांना तर खूप कामाची. पण तुमचा जो प्रश्न आहे ना, "दुरुस्त करून द्यायचं का", तो तिकडं पण लोकांनी भांडून सोडवलाय. स्टीफन नॉर्थ म्हणून एका प्राध्यापकांनी १९८४ ला यावरच लेख लिहिला, वैतागून लिहिलाय, कारण त्यांच्याच विभागातले लोक सेंटरला स्पेलिंग दुरुस्तीचं दुकान समजत होते. त्यांचं म्हणणं असं की सेंटरमध्ये बदल लिहिणाऱ्या माणसात व्हायला पाहिजे, समोरचा कागद सुधारला की नाही ही नंतरची गोष्ट. आम्हाला हे पाठ करायला लावलं होतं.

प्रत्यक्षात काय करायचो ते सांगतो. एक सेशन अर्ध्या ते पाऊण तासाचं. पोरगं आलं की आधी विचारायचं, मास्तरांनी नेमकं काय लिहायला सांगितलंय? अर्ध्या लोकांचा घोटाळा तिथंच असतो, प्रश्नच वाचलेला नसतो. मग त्याला विचारायचं, तुला आज कशावर बोलायचंय. मग त्यानं स्वतः मोठ्यानं वाचायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे ताई, मोठ्यानं वाचताना स्वतःचा कान स्वतःची चूक धरतो, वाक्य अर्धवट असलं तर जीभ अडखळते, तो स्वतःच म्हणतो थांबा, इथं काहीतरी राहिलंय, आणि पेन त्याच्याच हातात असल्यामुळं तोच लिहितो. तुम्ही फक्त विचारायचं, इथं तुला काय म्हणायचंय? म्हणजे कसं? उदाहरण दे ना एखादं. तो तोंडी जे सांगतो ते बहुतेक वेळा लिहिलेल्यापेक्षा चांगलं असतं, मग म्हणायचं, हेच लिही, आत्ता सांगितलंस तसंच.

क्रम पण ठरलेला असायचा. पहिल्यांदा मुद्दा आहे का, मग मांडणी, मग परिच्छेद, आणि शुद्धलेखन एकदम शेवटी, वेळ उरला तरच. कारण जो परिच्छेद उद्या काढूनच टाकायचाय त्यातली वेलांटी दुरुस्त करून काय मिळतं.

आणि लेख लांब असला तर प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एका ओळीत लिहायला लावायचं की हा परिच्छेद काय सांगतो. चार परिच्छेद एकच गोष्ट सांगायलेत हे पोराला त्याचं त्यालाच दिसतं.

निवृत्त_मास्तर_नांदेड

मॅडम, आपलं टिपण वाचलं. मी एकतीस वर्षं मराठी शिकवून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो. १० पैकी ४ ची जी गोष्ट आपण लिहिली ती मी शंभर वेळा तरी केली असेल आणि मला त्याची खंत आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या भागात घरी बोलली जाणारी मराठी आणि पुस्तकातली मराठी यांत अंतर आहे, हे आपण मास्तर लोक मान्य करतो पण वही तपासताना विसरतो. पोरगं घरी "मी करायलो", "ती जायली", "ते म्हणायलेत" असं बोलतं. न आणि ण चा फरक कित्येक घरांत कानावरच पडत नाही, तर तो लिहिताना कुठून येणार? त्या मुलीच्या पन्नास चुका आपण एकदा वर्गवारी करून बघा. मला खात्री आहे की त्या पन्नास वेगवेगळ्या चुका नसतील, चार-पाच प्रकारच्या चुका दहा-दहा वेळा आल्या असतील. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात मिना शॉनेसी या बाईंनी हेच काम केलं. तिथल्या शहर विद्यापीठानं १९७० साली हायस्कूल पास झालेल्या सगळ्या मुलांना प्रवेश खुला केला, त्यात घरातली पहिलीच पिढी कॉलेजात आलेली, घरी वेगळीच इंग्रजी बोलणारी, गरीब वस्त्यांतली मुलं लोंढ्यानं आली आणि प्राध्यापक मंडळींनी डोक्याला हात लावला की ह्यांना लिहिताच येत नाही. या बाईंनी त्या मुलांचे सुमारे ४,००० प्रवेशाचे निबंध बसून वाचले आणि दाखवून दिलं की या चुकांना तर्क आहे, मूल आपल्या परीनं एक नियम बनवून तो पाळत असतं. हे मी निवृत्त व्हायच्या दोन वर्षं आधी वाचलं. आधी वाचलं असतं तर किती पोरांना लाल शाईतून वाचवलं असतं असं आजही वाटतं.

आता दुसरी बाजू. प्रमाणभाषा शिकवूच नये या मताचा मी अजिबात नाही. सरकारनं मान्य केलेले लेखनाचे नियम १९६२ पासून आहेत, आधी चौदा, पुढं १९७२ मध्ये चारची भर, म्हणजे एकूण अठरा. एवढेच. एका सेमिस्टरमध्ये आठवड्याला एक नियम घेतला तरी होतो. पण ते मुलाच्याच वाक्यावर शिकवावेत, फळ्यावर दोन रकाने करावेत, एकीकडं "मी शेतात जायलो", दुसरीकडं "मी शेतात जात आहे", आणि विचारावं की हे कुठं बोलशील, ते कुठं लिहिशील. मुलाला आपली घरची भाषा घाण आहे असं वाटता कामा नये. तसं वाटलं की ते लिहायचं सोडतं आणि झेरॉक्स सेंटरची पायरी चढतं.

आणि एक विनंती, प्राचार्यांना हात जोडून सांगा की त्या स्लो लर्नरच्या रजिस्टरचा आणि या खोलीचा संबंध लावू नका. वेगळं रजिस्टर ठेवा. पहिल्या महिन्यात वर्गातली दोन हुशार मुलं, एखादा एम.ए.चा विद्यार्थी, आणि शक्य झालं तर एखादे प्राध्यापक स्वतःचा लेख घेऊन त्या खोलीत बसलेले दिसू द्या.

जिंतूरचा_पोरगा

मी विद्यार्थी आहे, बी.ए. दुसऱ्या वर्षाला, परभणी जिल्हा. मास्तर लोकांच्या मधी बोलायलो, माफी असावी.

ताई मी सांगतो पोरं झेरॉक्स सेंटरला काहून जातात. आळस म्हणून नाही जात सगळेच. मला अकरावीला कॉलेजात पहिल्यांदा निबंध लिहायला सांगितला होता, मी लिहिला, सरांनी वर्गात वाचून दाखवला आणि "घातलाव" "गेलाव" असे शब्द आले की थांबायचे, पोरं हसायची. त्या दिवसापासून मी स्वतःचं असं एक वाक्य पण लिहिलेलं नाही. गाइड मधलं लिहितो नाहीतर मोबाइलमधलं. मार्क येतात. कुणी हसत नाही.

आमच्या गावाकडची हुशार पोरं लातूरला जातात, नीटचे क्लास, दोन वर्षं नुसते गोल काळे करतात, ते पण परत बी.एस्सी.ला आले की त्यांना पण लिहिता येत नाही, फक्त ते कबूल करत नाहीत. म्हणून ही खोली सगळ्यांसाठीच पाहिजे.

आणि आता राज्यसेवेची मेन्स लेखी झालीय, आधी पर्यायवाली होती. मराठी ३०० मार्क, इंग्रजी ३०० मार्क हे पास व्हायलाच लागतात, निबंध २५० मार्कांचा वेगळा. आमच्या अभ्यासिकेत तीस पोरं बसतात, लिहायचं कुणाला विचारावं कळंना. पुण्याला जाऊन क्लास लावायचे तर पैसे कुठून आणायचे. तुमच्या खोलीवर "लेखन मदत" लिहिण्यापेक्षा "निबंध आणि उत्तरलेखन सराव" असं लिहा, पोरं पळत येतील, खरं सांगायलो.

जालना_इंग्लिश

वरच्या दादानं पाटीचं जे सांगितलंय ते एकदम बरोबर. मॅडम, नावात खूप असतं.

मी तुमच्या शेवटच्या प्रश्नावर लिहिते कारण तो प्रश्न सहसा कुणी विचारतच नाही. मी इंग्रजी शिकवते, बी.कॉम. पहिल्या वर्षाचे दोन वर्ग मिळून १६० पोरं. सगळ्यांचं सगळं दुरुस्त करायचं ठरवलं तर एका वहीला पंधरा मिनिटं धरली तरी चाळीस तास होतात, आणि मुलं फक्त मार्क बघतात आणि वही बॅगेत. म्हणजे चाळीस तास वाया आणि डोळे पण गेले.

मी आता अमेरिकेतल्या रिचर्ड हॅसवेल नावाच्या प्राध्यापकांची पद्धत वापरते, १९८३ ला त्यांनी मांडलेली. चूक दुरुस्त करायची नाही, गोल पण करायचा नाही. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात फक्त एक बारीक खूण. दोन चुका असतील तर दोन खुणा. वही परत द्यायची, वर्गातच पंधरा मिनिटं द्यायची आणि म्हणायचं शोधा. त्यांना असं दिसलं होतं की निम्म्याहून जास्त चुका विद्यार्थी स्वतःच शोधून दुरुस्त करतात, म्हणजे त्या चुका अज्ञानाच्या नसतातच, घाईच्या असतात. माझ्या वर्गात पण साधारण तसंच होतं. जे उरतं तेच मला शिकवायचं राहतं आणि ते वर्गातल्या बऱ्याच जणांचं सारखंच निघतं, मग एकदाच फळ्यावर. तपासायला लागणारा वेळ निम्म्याच्या खाली आला. आणि मार्क मी दुरुस्तीनंतर देते.

दुसरं, वहीच्या शेवटी मी एकच गोष्ट लिहिते. "तू बँकेच्या रांगेबद्दल लिहिलेलं वाचताना मला ती रांग दिसली, पण पुढं तुझ्या वडिलांचं काम झालं का ते कळलं नाही." बस. "छान", "प्रयत्न करा", "सुधारणा आवश्यक" हे मी बंद केलं, कारण त्यातून पोराला करायचं काय ते कळत नाही.

आणि स्टाफरूममधल्या त्या लोकांना सरळ सांगा की तपासून देणार नाही, पण त्यांनी असाइनमेंटचा विषय देताना तो कसा द्यावा यात मदत करायला तयार आहे. "पर्यावरण यावर माहिती लिहा" असा विषय दिला की पोरगं छापीलच आणणार, दुसरं काय आणणार बिचारं. त्याऐवजी "तुमच्या गल्लीतला कचरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुठं कुठं जातो ते बघून दोन पानं लिहा" असा द्या, हे झेरॉक्स सेंटरवर मिळत नाही आणि मोबाइललाही तुमची गल्ली माहीत नाही.

ग्रंथालयवाला

मी ग्रंथालयात आहे, छत्रपती संभाजीनगर. थोडक्यात दोन गोष्टी.

कॉपीचा विषय निघाला की लोक लगेच "प्लेजरिझम सॉफ्टवेअर लावा" म्हणतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे जे नियम आहेत ते संशोधनासाठी आहेत, प्रबंध, शोधनिबंध वगैरे. त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ४० पर्यंत गेलं तर सुधारून परत द्यायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण वर्गातल्या असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, निबंध, उत्तरपत्रिका त्या नियमांनी स्पष्टपणे बाहेर ठेवल्यात. त्यामुळं पहिल्या वर्षाच्या पोराला टक्केवारीची भीती घालू नका. त्याला फक्त एवढं शिकवा की दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरण चिन्हात टाकायचं आणि कुठून घेतलं ते लिहायचं. हे आमच्याकडं पीएच.डी.ला आलेल्यांना सांगावं लागतं, खूप उशीर होतो.

दुसरं, मॅडम एकट्या किती पोरांशी बोलणार? कमवा व शिका योजना विद्यापीठात आहे, पोरं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, बागेत काम करतात. त्यातली दोन-तीन लिहिती मुलं या खोलीत बसवता आली तर प्राचार्यांना विचारून बघा. मुलं मुलांशी जास्त मोकळं बोलतात हे मी रोज काउंटरवर बघतो.

बालाघाटची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी दोन वेळा वाचलं सगळं. मास्तर, तुमचं ऐकून त्या मुलीची वही परत मागून घेतली आणि चुकांची वर्गवारी केली. ५३ चुका निघाल्या आणि प्रकार फक्त सहा. त्यातल्या १९ तर नुसत्या न-ण च्या. मला रडूच आलं, खरंच सांगते. तिला उद्या बोलावलंय.

हरंगुळवाले दादा, एक शंका. तुम्ही म्हणता पेन हातात घ्यायचं नाही, नुसतं विचारायचं. पण आमच्याकडची पोरं प्रश्न विचारला की गप्प बसतात, त्यांना वाटतं मॅडम परीक्षा घ्यायल्यात. आणि ज्याला मुळात माहीतच नाही की परिच्छेद कशाला म्हणतात त्याला "तुला काय वाटतं" विचारून काय होणार?

हरंगुळवाला

बरोबर पकडलंत ताई. तिकडं पण यावर वाद आहे, बाहेरच्या देशातून आलेल्या पोरांना नुसते प्रश्न विचारत बसलं की ती वैतागायची, मी स्वतः आधी तसाच वैतागलो होतो. जे माहीत असण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे नियम, पद्धत, अर्जाचा साचा, संदर्भ कसा द्यायचा, ते सरळ सांगून टाका, एखादा नमुना दाखवा. जे फक्त त्यालाच माहीत आहे ते त्यालाच विचारा. डब्याला खिळ्यानं खूण का केली हे त्या मुलीशिवाय कोण सांगणार? आणि गप्प बसलं तर बसू द्या थोडा वेळ. मी मनात वीसपर्यंत मोजायचो.

निवृत्त_मास्तर_नांदेड

समोरासमोर न बसता शेजारी बसा मॅडम. टेबलाच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या. मास्तर समोर असला की मूल उत्तर देतं, शेजारी असला की बोलतं.

एआयवरून लिहून आणलं तर काय करायचं हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. पोरानं मोबाइलवरून काढून आणलं तर रागावू नका, त्याला म्हणा यातलं कुठलं वाक्य तुला पटतं आणि कुठलं तुझ्या गावात खोटं ठरतं, त्यावर रेघ मार. मग कागद उलटा ठेवून खोलीतच दहा मिनिटं हातानं लिहायला लावा.

जिंतूरचा_पोरगा

ताई, सर, दादा, मला एक मदत पाहिजे होती. आमच्या कॉलेजात अशी खोली नाही. फील्ड प्रोजेक्ट "गावातील पाणीप्रश्न" आहे, पहिला परिच्छेद टाकतो, बघून सांगा. हे मी स्वतः लिहिलंय, मोबाइलमधलं नाही.

"पाणी म्हणजे जीवन आहे. पाण्याशिवाय मानव जगू शकत नाही. आज सर्वत्र पाण्याची समस्या भेडसावत आहे. मराठवाडा हा दुष्काळी भाग आहे. त्यामुळे पाण्याचे नियोजन करणे ही काळाची गरज आहे."

बालाघाटची_लेक

दादा, टाकलंस हे फार चांगलं केलंस. एकही शुद्धलेखनाची चूक नाही, आधी हे लक्षात घे. आता मला सांग, हा परिच्छेद तुझ्या गावाचं नाव न घेता लिहिलाय, तो उस्मानाबादच्या, म्हणजे धाराशिवच्या एखाद्या पोराला जसाच्या तसा चालेल का? आणि तुझ्या घरी पाणी कसं येतं? नुसतं सांग, लिहायचं म्हणून नको.

जिंतूरचा_पोरगा

चालेल ताई, कुणालाही चालेल.

आमच्या घरी म्हणजे गाव उंचावर आहे, बोअर जानेवारीतच बसतो. मार्चनंतर टँकर येतो त्याचा टाइम नक्की नसतो, रात्री दोनला पण येतो कधी. आई चपला हातात घेऊन झोपायची म्हणजे उशाशी ठेवून, आवाज आला की पळायचं. विहिरीत टँकर सोडला की पाणी गढूळ होऊन जातं तरी सगळे बादल्या सोडतात. मी चौथीत होतो २०१६ ला, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, टीव्हीवर दाखवायचे, आई म्हणली आपल्या गावाला रूळ नाही. एवढंच आठवतं.

हरंगुळवाला

भावा, मी त्या वर्षी लातूरला घरी होतो सुट्टीत, आमच्याकडं ते पाणी आलं होतं. तुझ्या आईचं वाक्य वाचून मी दोन मिनिटं काहीच टाइप करू शकलो नाही.

काही दुरुस्त करत नाही. फक्त विचारतो, वाचणाऱ्याला तुझ्या गावात घेऊन जायचं असेल तर यातलं पहिलं काय दाखवशील?

जिंतूरचा_पोरगा

चपला.

पण दादा असं लिहिलं तर आमचे सर मार्क देतील का? आणि "म्हणली" लिहू का "म्हणाली"?

जालना_इंग्लिश

प्रोजेक्ट आहे ना, मग या परिच्छेदानंतर लगेच आकडे दे. मार्च ते जूनमध्ये टँकर किती वेळा आला, किती वाजता, किती घरं, हे दहा घरी जाऊन विचार आणि तक्ता कर. मग सरांना मार्क द्यावेच लागतील, कारण हे काम दुसऱ्या कुणी केलेलं नसेल.

निवृत्त_मास्तर_नांदेड

तू लिहिताना "म्हणाली" लिही. आईच्या तोंडचं वाक्य अवतरणात टाक आणि त्यात ती जसं बोलली तसंच ठेव, तिथं कुणालाही हात लावू देऊ नकोस.

जिंतूरचा_पोरगा

काल रात्री तीनदा लिहून काढलं, मोठ्यानं वाचलं, बहीण हसली नाही. टाकतो.

"मार्च महिना लागला की माझी आई चपला उशाशी घेऊन झोपते. टँकर कधी येईल याची वेळ नसते. कधी सकाळी दहाला येतो, कधी रात्री दोनला. आमचे गाव उंचावर असल्यामुळे जानेवारीतच बोअर आटतो. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणले ते आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितले. तेव्हा आई म्हणाली, 'आपल्या गावाला रूळ कुठंय बाबा.' गावात १४० घरे आहेत. त्यातल्या दहा घरी जाऊन मी टँकरच्या वेळा विचारल्या, त्या पुढील तक्त्यात दिल्या आहेत."

तक्ता अजून करायलो. चार घरं राहिलीत, ती माणसं शेतात असतात, रविवारी भेटतील.

बालाघाटची_लेक

रविवारी तक्ता झाला की इथंच टाक. आणि "आटतो" आधी "बसतो" लिहिलं होतंस, ते का बदललंस? तुमच्याकडं बोअर बसतो म्हणतात ना?